टाइट शिप

गुरुवारचा वर्ग हॉटेलच्या तळघरात भरतो,
नुकुसमध्ये, कपडे वाळवायच्या यंत्रांशेजारी.
मास्तर दौलेतने फळ्यावर लिहिलं
शी रन्स अ टाइट शिप,
आणि दाराकडे बघत हळूच म्हणाला,
जशा आपल्या झमिरा मॅडम.

आम्ही सहाजणी हसलो, लगेच गप्प झालो.
मॅडमच्या टाचा जिन्यावर वाजायच्या आत
चादरींच्या घड्या आपोआप सरळ होतात.
सात म्हणजे सहा पंचावन्न.
हिवाळ्यात पाहुणे दोन, खोल्या चाळीस,
तरी रोज चाळीस खोल्यांच्या उश्या झटकायच्या.

टाइट मला ठाऊक होतं: बहिणीचे बूट.
वहीत लिहिलं, घट्ट जहाज.
तसं नाही, आयसानेम, मास्तर म्हणाला,
ज्याचा एक दोर ढिला नाही,
फळीफळीतून पाण्याला वाट नाही, असं.
कप्तानाच्या धाकाशिवाय ते होत नाही.
त्याला वाटलं मला जहाज माहीत नसणार.
वाळवंटातली पोर.

मी मुयनाकची.
आजोबा ओरिनबाय मासेमारी बोटीचे कप्तान.
समुद्र पहिल्यांदा हटला तेव्हा ते म्हणाले, येईल.
दहा किलोमीटर गेला. तीस गेला.
आजी सांगायची, खलाशांनी तरी
पहाटे सहाला वाळूत हजर व्हायचं,
डेक घासायचा, तोही वाळूनेच,
पितळ चमकवायचं, सांध्यांत डांबर भरायचं.
एकदा सेर्केबाय उशिरा आला
तर त्याचा अर्धा दिवस कापला,
पगार तीन महिने आलेला नसताना.

मग एकेक जण कझाकस्तानात कामाला गेला.
आजोबा एकटेच डांबर भरत राहिले.
त्या बोटीत शेवटपर्यंत
एक थेंब आत आला नाही.

काल रात्री पाळी संपल्यावर
कपाटापाशी मॅडम दिसल्या, चपला काढून,
कोऱ्या चादरी मोजत.
बोट ठेवत एक, दोन, तीन, परत पहिल्यापासून.
मी दिवा न लावता निघून आले.

गृहपाठात वाक्य करायचं होतं.
मी लिहिलं: माय ग्रँडफादर रॅन टाइट शिप.
भूतकाळ बरोबर, मास्तर म्हणाला,
आणि लाल शाईने मधे एक अ घातला.
हा कशाला, विचारलं.
म्हणाला, अ म्हणजे कुठलं तरी एक.

मी तो अ खोडला नाही, मार्क जातात.
पण कुठलं तरी नव्हतं ते.
त्याच्या कडेला पांढऱ्या रंगात सव्वीस लिहिलेलं होतं,
आणि दर वसंतात आजोबा तो आकडा
पुन्हा रंगवायचे.