बर्फाशिवाय

"थंड करायची नाही," लॅबमधली पोरगी म्हणाली,
"अंगाला धरून आणा. पाऊण तासाच्या आत."

बावीस वर्षं ट्रॉलरवर.
बसायला इंजिनची पेटी, गालात तंबाखू.
सुरमई, बांगडा, जे हाती लागलं ते
बर्फात पुरून टिकवलं.
आणि ही डबी काखेत धरून
आनंदवाडीहून जामसंड्याचा चढ चढलो,
खुडूक कोंबडीसारखा अंग चोरून.
नेमका बाबल्या तारी भेटला.
"खंय चललंस?"
"बँकेत."

अक्षताची फाईल चार बोटं जाड.
रक्त, थायरॉइड, दुर्बीण, पुन्हा रक्त.
आठवा आठवडा, दहावा, मग नववा.
तीनदा ती मोरीतून बाहेर आली
आणि न बोलता नळ सोडून ठेवला.
आई म्हणायची, "हिच्या कुशीत कायच ऱ्हवणा नाय."
कौल लावले, गाऱ्हाणी घातली.
त्या सगळ्या कागदांवर मी
'पतीचे नाव' एवढ्या रकान्यात.

कणकवलीच्या डॉक्टरीणबाई
चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या,
"आणि तुमचं काय काय तपासलंय?"

दुसरा नमुना कोल्हापूरला गेला.
संख्या बरी. चाल बरी.
आतला धागा जागोजाग तुटलेला.
वाळूत पसरलेलं जाळं अख्खंच दिसतं,
ते पाण्यात गेल्यावर कळतं.
"हेच कारण, असं छातीठोक नाही सांगणार," बाई म्हणाल्या,
"पण तंबाखू बंद. इंजिनवर बसणं बंद.
नवं बीज तयार व्हायला तीन महिने द्या."
मी मनात मोजलं: बंदीचे दोन,
होडी शाकारलेली असते तेवढे,
वर एक.

आई पडवीत सुंगटं सोलत होती.
"आये, कागद इलो."
"तिचो?"
"नाय. माझो."
हात थांबला नाही तिचा.
फक्त सालं आणि सुंगटं
एकाच टोपात पडायला लागली.

रात्री अक्षतानं फाईल काढली.
माझा एकुलता कागद
कुठे लावावा, तिचं ठरेना.
शेवटी सगळ्यांच्या खाली,
तिच्या पहिल्या रिपोर्टाच्याही आधी लावला.
दोरी आवळताना म्हणाली,
"जरा धर. जड झाली हा."