खण

नेटा डाऊसची पहिली रेकॉर्ड मी लोकगीतांच्या खणात ठेवली,
सहासष्ट सालच्या मार्चमध्ये.
दुकानाला अजून ओल्या रंगाचा वास होता,
तिच्या हातांना हॅडॉकचा.
दिवसभर ग्रिम्सबीच्या गोदीत मासे कापायची,
रात्री पबातल्या तीन पायांच्या स्टुलावर बसून
बुडालेल्या ट्रॉलरांची नावं गायची,
शाळेत हजेरी घेतात तशी, एकामागून एक:
मार्गारेट विक. ऑस्विन. नॉर्दर्न लँप.
हजर कुणीच नसायचं.
म्हातारे टोप्या काढून बसायचे,
आवाज होईल म्हणून ग्लास हातातच धरून.

मग त्र्याहत्तरला टीव्हीवर दिसली,
निळी चमचमती विजार, गळ्यात विजेची गिटार.
लोकगीतवाल्यांनी दाढ्या खाजवत सुतक पाळलं.
मी तिला उचलून रॉकमध्ये नेलं,
जुनी मात्र राहू दिली जागच्या जागी,
तिथलं भाडं तिनं भरलं होतं.

एकोणऐंशीला डिस्को. अकरा प्रती खपल्या.
एक्क्याऐंशीला तिचा ड्रमर, म्हणजे नवराच,
दातांच्या डॉक्टरणीबरोबर स्पेनला गेला.
तिनं ढोल वाजवणारं यंत्र घेतलं.
‘हे निदान वेळेवर येतं,’ म्हणाली मुलाखतीत.
पुढे लीड्सच्या जमैकन पोरांबरोबर रेगे,
मग काउंटी मैदानावरच्या बावीस पितळी वाद्यांसोबत
एक अख्खी रेकॉर्ड, तीत ती गातच नाही,
फक्त शेवटी खोकते.
ती कुठे ठेवू? गल्ल्याखाली ठेवली.

लंडनच्या एका पेपरवाल्यानं लिहिलं,
मथितार्थ असा की एक ना धड, भाराभर चिंध्या.
मला आईची सतरंजी आठवली.
बाबांचा गोदीतला कोट, मावशीचा लाल परकर,
माझी शाळेची विजार, सगळ्याच्या पट्ट्या कापून
गोणपाटात आकड्यानं ओवलेल्या.
शेगडीपुढं त्या चिंध्यांवर
आम्ही चार भावंडं पाय शेकत वाढलो.
पेपरवाल्याच्या घरी बहुतेक गालिचा असेल.

गेल्या नोव्हेंबरात, मंगळवारी, गिऱ्हाईक नसताना
ती आली. भिजलेली टोपी, गुडघ्याला पट्टा.
‘मी कुठे आहे?’ तिनं विचारलं.
मला लाज वाटली. सात ठिकाणी बोट दाखवलं.
सातही ठिकाणी गेली, खुर्चीचा आधार घेत घेत,
आपलीच माणसं ओळखावीत तशी पाठी चाळत.
डिस्कोची काढली. ‘ही सगळ्यात वाईट. लाव.’
पैसे आधी मोजून ठेवले. मी नको म्हणालो तरी.

मी ती पूर्वी नाचायची म्हणूनच ऐकली होती,
म्हणजे ऐकलीच नव्हती.
दुसऱ्या बाजूला, चौथ्या गाण्यात,
मागच्या बायका ताल धरून जे बडबडतात, ते शब्द:
मार्गारेट विक. ऑस्विन. नॉर्दर्न लँप.
टाळ्यांच्या मधल्या फटीत, भरभर,
कुणाला कळू नये इतक्या आनंदात.

मी तिच्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती,
बस चुकेल म्हणाली, आणि गेली.
रेकॉर्ड विसरली. की ठेवून गेली.

त्या रात्री शटर ओढून सगळ्या काढल्या.
रेगेमध्ये नावं उलटी येतात, शेवटच्यापासून.
यंत्राच्या काळात एक पत्र्याचा आवाज ती उच्चारतो.
पितळी वाद्यांच्या रेकॉर्डवर नाहीत, पण
खोकल्याच्या आधी कॉर्नेट थांबतं,
तीनदा, हजेरीला कुणी ‘ओ’ देण्याइतका वेळ.

दोन रेकॉर्डींत मात्र सापडली नाहीत.
असतील.
सुई बदलून बघायला हवी.