पत्रकाचं तिसरं प्रूफ

मगदूम डॉक्टर म्हणाले, चार पानांचं एका पानात आणा,
बाकड्यावर बसलेल्याचं
नंबर यायच्या आत वाचून व्हायला पाहिजे.
मी लिहिलं : आतड्यांच्या संवेदनशीलतेचा विकार.
लिहिलं आणि खोडलं.
आमच्या गावात पोटाला विकार होत नाही.
पोट धरतं, फुगतं, सुटतं,
कोठा चार दिवस जड राहतो
आणि पाचव्या दिवशी पळायला लावतो.
तसंच लिहिलं.

दुसरं प्रूफ सर्जेराव चौगुल्यांना दिलं.
केएमटीत कंडक्टर, चौदा वर्षं ह्याच दुखण्याचे.
ते बोट ठेवून वाचतात, तिकिटं मोजल्यासारखं.
‘तिखट टाळा’पाशी बोट थांबलं.
‘कोल्हापुरात?’ म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले.
‘तांबडा मला कायबी करत न्हाई, म्याडम.
गंगावेशीतलं धारोष्ण दूध प्यालो की संपलं.
मेव्हण्याचं बरोबर उलटं.’
मग ती ओळ गेली. तिच्या जागी आलं :
एकदम सगळं सोडू नका.
दोन आठवडे वहीत टिपा, काय खाल्लं, काय झालं,
कुणाशी भांडण झालं तेही.

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल’ असं तीनदा ऐकून
ते घरी गेले होते.
नॉर्मल म्हणजे मी नाटक करतोय का,
हे त्यांनी डॉक्टरांना विचारलं नाही, मला विचारलं.
मी खाली कुठेतरी लिहिलं होतं :
तपासणीत काही सापडलं नाही
म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.
ते म्हणाले, ‘हे वर घ्या.’
घेतलं.

ठळक अक्षरांत, चौकटीत :
शौचातून रक्त जात असेल,
वजन आपोआप उतरत असेल, ताप येत असेल,
दुखण्यानं झोपेतून जाग येत असेल,
पन्नाशीनंतर हे पहिल्यांदाच सुरू झालं असेल,
घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल,
तर हे पत्रक खाली ठेवा
आणि आधी डॉक्टरांना दाखवा.

छापखान्यात मुजावरांनी चष्मा कपाळावर चढवला.
‘“नक्की कारण अजून माहीत नाही.”
हे छापायचं? पैसे देऊन?’
रॅकवर दुसऱ्या कुणाचा गठ्ठा वाळत होता, पिवळा,
एकवीस दिवसांत मुळापासून, हमखास.
‘तेही मीच छापतो,’ मुजावर म्हणाले, ‘पाच-पाच हजार.
लोक घेऊन जातात. तुमचं कोण नेणार?’
मला उत्तर आलं नाही.
मी म्हटलं, ती ओळ बाकीच्यांइतक्याच टायपात ठेवा,
आणि तिच्याखालची पण :
ह्याचा कॅन्सर होत नाही.
बहुतेकांना आराम पडतो, वेळ लागतो.

आता तिसरं प्रूफ आलंय.
समासात निळ्या बॉलपेनानं सर्जेरावांचं अक्षर,
वरून खाली, थांब्यांच्या क्रमानं :
कुठं संडास आहे, कुठं कुलूप,
कुठला चहावाला काही न विचारता मागची किल्ली देतो.
एका थांब्यापुढे लिहिलंय, ‘पाणी असतं बहुतेक.’
ही यादी त्यांनी आजवर
बायकोलासुद्धा दाखवली नव्हती.

‘हे पण घ्यायचं का?’ मुजावर फोनवर विचारतायत.
घ्या, म्हटलं.
फक्त त्या ‘बहुतेक’साठी एक दिवस थांबा.
उद्या सकाळच्या गाडीनं जाते,
नळ सोडून बघते,
मग छापा.