गाठ

पाचपावलीतला मागाचा खड्डा बुजवून
वर फरशी टाकली, त्याला वीस वर्षं झाली.
तरी बाबांच्या छातीत आज
विणलेलंच कापड बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी नमुना दाखवला होता:
पांढरी नळी, बारीक चुण्यांची.
मी सवयीनं नखानं वीण पाहिली.
घट्ट होती. बाबांनी पास केली असती.

बाहेर सेहेचाळीस. आत त्यांना
अठरापर्यंत थंड केलेलं.
आता अंग तापतंय हळूहळू,
पण रक्त गोठणं विसरून बसलंय.
टाके पक्के आहेत, त्या म्हणाल्या,
भोक एकही नाही, सगळीकडूनच पाझरतंय.

धंतोलीतून स्कूटीवर, पोटाशी
प्लेटलेटची पिवळट पिशवी,
वर निळ्या पेननं: मोतीराम सोनकुसरे.
बर्फात नको ठेवू, हलवत राय,
ब्लड बँकेतला पोरगा मागून ओरडला.
हलवायचं काम खड्ड्यांनी केलं.

तुटलेला धागा बाबा
थुंकीनं ओला करून चिमटीत पिळायचे.
गाठ मारायची नाही, फणीत अडकते.
मी मारली की उकलायला लावायचे.
आणि आज अख्खं घर
एका गाठीसाठी बाकड्यावर बसून.

पहाटे तीनला सिस्टरनं
नळी उजेडात धरली. आत काळपट,
करंगळीच्या पेराएवढी गुठळी.
वाईट हाय का, आईनं विचारलं.
नाही वो माय, चांगलं हाय हे.
तासाला दोनशे जात होतं, आता साठ.

आई पदराचा निघालेला दोरा
तोडायला गेली,
आणि थांबली.