दोन गाठींची डिस्क

शुक्रवारी रात्री मी प्रत काढते.
स्क्रॅब्स्टरहून येणारी शेवटची बोट
स्ट्रॉमनेसच्या धक्क्याला घासली की खण उघडायचा.
डिस्का दोन आहेत, अंगानं सारख्याच.
एकीला सुतळीची एक गाठ, दुसरीला दोन.
सम आठवड्याला दोन गाठींची.
दुसरी तोवर रस्त्यापलीकडे झोपते.

यंत्रातला आवाज भरभर बोलतो,
पत्र्यावर सातू सांडावेत तसा.
पाहुण्यांना वाटतं, काहीतरी बिघडलंय.
मला तो रेंगाळल्यासारखाच वाटतो.
कर्कवॉलच्या इस्पितळात टेलिफोन बोर्डावर
तेवीस वर्षं काढली मी,
एका कानात डॉक्टर, दुसऱ्या कानात रडणं.

'बटन', तो म्हणतो.
पुढे गेलं की 'बटन'. आणखी पुढे, 'बटन'.
कुणीतरी हौसेनं चित्रं काढली
आणि बारसं करायला विसरला.
तिसरं म्हणजे सुरुवात. मला ठाऊक आहे,
कारण एकदा दुसरं दाबलं होतं.
त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

मग टक्के.
एक. दोन. सहा. एकोणीस.
त्रेचाळीसला तो गप्प होतो.
पडद्यावर काही उगवलं असेल,
एखादी चौकट, हो की नाही विचारत ताटकळलेली,
आणि मला तिचं दार सापडत नाही.
मी डिस्कवर बोट ठेवते.
आत घरघर आहे, मांजरीच्या पोटात असते तेवढी.
म्हणजे काहीतरी
कुठूनतरी कुठेतरी जातंय.

मागच्या मार्चात वादळानं वीज दोनदा नेली
आणि यंत्र तिसऱ्यांदा उठलंच नाही.
नवं काळीज बसवलं, प्रत जोडली,
सगळं परत घ्यायला बसले,
तेव्हा कळलं, दुरुस्तीच्या त्या खोलीत आवाजच नसतो.
पंखा फिरत होता. वाचा नव्हती.
ज्यांनी ती खोली बांधली, त्यांना वाटलं असेल
इथवर येणारा माणूस बघतच येईल.

डेव्ही इस्बिस्टरला हाक मारली.
तो आला, डिझेल आणि खेकड्यांच्या आमिषाचा वास घेऊन,
नाकावर चष्मा चढवताना पुटपुटला,
आणि वाचू लागला,
भरतीत बुडालेले खडक चाचपत नाव न्यावी
तसा एकेका शब्दाजवळून.
'सील माशांची गाणी, यस्नाबी, जून.
हिशेब. हिशेब जुने.
आगबोटीचा भोंगा, धुकं.
घोरणं, नोव्हेंबर.'

तिथं तो थांबला.
एर्लंडच्या बोटीवर अकरा हंगाम
डेव्ही वरच्या फळीवर झोपत असे, एर्लंड खालच्या.
खुर्ची करकरली.
खूप वेळ नुसता पंखा.
मग त्यानं विचारलं,
'हे वगळायचं नाही ना?'
'नाही.'
'बरं', तो म्हणाला. 'पुढचं वाचतो.'
पहाटे अडीचपर्यंत वाचत राहिला.
मध्ये एकदा त्यानं 'बटन' असं म्हटलं,
नुसतं बटन, आणि मला हसू आवरेना.
त्याला ते का, हे अजून कळलेलं नाही.

आता शुक्रवारी तोच येतो,
बिस्किटांच्या डब्यातून एका गाठीची आणतो,
दोन गाठींची घेऊन जातो.
डब्यात गळही असतात, म्हणून बोटं जपून.
नेण्याआधी तपासायचं:
प्रतीतली एक फाइल उघडून ऐकायची,
दर वेळी वेगळी. नियम माझाच.
मोडतेही मीच.

श्वास आत जातो, खरखरत.
बाहेर येतो.
आत जातो,
आणि अडतो.
मी मोजत नाही. डेव्हीही मोजत नसावा.
धक्क्यावर कुणीतरी साखळी ओढतंय.

मग तो पुन्हा सुरू होतो,
आधी जरा घाईनं, मग नेहमीच्या चालीनं.
'आलं सगळं', मी म्हणते.

डेव्ही डबा लावतो.
झाकण एका कोपऱ्यात अडतं, दर वेळी,
आणि तो त्याला बुक्की मारतो.