शंभरातले तीस

नागपूरच्या डॉक्टरनं कागदावर ठिपके काढले.
शंभर पेशी मोजल्या म्हणे,
सत्तर तुमच्या-माझ्यासारख्या,
तीसमध्ये एक गुणसूत्र जादा.

मी कोशाचा धागा मांडीवर वळणारी बाई.
एक तार जास्त आली तर डोळ्याला दिसत नाही,
मांडीला कळते.
मी विचारलं, हे तीस कुठचे?
डोक्यातले, हातातले, का काळजातले?
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
म्हणाले, ते आत्ता नाही सांगता येत.
वाढवून बघा.

वाढवून बघितलं.

मान धरली सातव्या महिन्यात.
बसायला लागली तेव्हा
शेजारच्या गिरजाचा पोरगा भिंत धरून चालत होता.
यामिनी चालली अडीच वर्षांनी,
तेही बकरीची दोरी सोडायची नाही म्हणून.
चौथ्या वर्षी बोलली. पहिला शब्द माय नव्हता.
फाट्यावरून गाडी निघाली होती,
ही माझ्या कडेवरून ओरडली, थांब!
आणि कंडक्टरनं घंटी मारली.

वजाबाकी अडली, ती अजून अडलेलीच.
वाचते, पण बोट ठेवून.
सहावीत बाईंनी मागच्या बाकावर बसवलं,
आणि भंडाऱ्याच्या दवाखान्यात टेबलामागचा माणूस म्हणाला,
"हिच्यात तर काही दिसत नाही हो."
टक्के भरले नाहीत.
सासू वाटेत पुटपुटली,
"पुरी तशी असती त पगार तरी लागला असता."
मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.
खोटं नाही सांगत, माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

आता बावीसची आहे.
थायरॉइडची गोळी उपाशीपोटी स्वतः घेते,
मग कॅलेंडरवर फुली मारते.
माझी गोळी चुकली तर मलाच रागावते.
एखाद्या दिवशी मात्र नुसती बसून राहते,
वेणीही घालू देत नाही.
लग्नाचं विचारते. मी चुलीत लाकूड सारते.

ऐनावरचे कोष उतरवले की
बेण्याचे निवडायचं काम तिचं.
एकेक कोष कानाशी नेऊन हलवते,
आतला किडा जिता की मेला, ते सांगते.
तिचा बाप चुकतो. मी चुकते.

काल एक कोष तिनं खूप वेळ धरून ठेवला.
टोपली भरायची होती, दिवस कलला होता.
मी म्हटलं, "काय होय वो? जिता हाये का नाही?"
तिनं मान वर केली नाही.
"थांब," म्हणाली.