सत्यप्रत

शिवाजीनगर कोर्टाच्या भिंतीला पाठ टेकून
माझं टेबल, छत्रीखाली, एकोणीस वर्षं.
प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, नावात बदल.
पाटीवर : मराठी-इंग्रजी टंकलेखन.
खाली बारीक अक्षरात : सल्ला विचारू नये.

सुरंगाबाई काळे आल्या सुप्याहून, पहिल्या एस्टीने.
पिशवीत भाकरी, आणि जप्तीचा कागद :
दोन तित्तर, मृत.
एक फास, घोड्याच्या केसांचा.
एक दीर, जामिनाविना.

"कायदा टायपून द्या," म्हणाल्या. "आमच्या भाषेत."
कुठलं कलम?
"अख्खा."

मी हसलो. ते माझं चुकलं.

"आमच्या पणज्याला," त्या म्हणाल्या,
"संस्थानातून बोलावणं यायचं शिकारीला.
मध्ये कधीतरी बदललं.
बदललं ते बरं का वाईट, नंतर बोलू.
पण बदललं, हे आम्हाला
कुणी वाचून दाखवलं?"

अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं पालथी घातली.
पहिल्यात इंग्रजी. दुसऱ्यात मराठी, दुरुस्तीआधीचं.
तिसरा म्हणाला, स्पर्धा परीक्षेचं गाइड आहे, चालेल?
शेवटी भाच्याने मोबाइलवर उतरवून दिला,
आणि मी, ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं बडवली,
पहिल्यांदा एक वाक्य थांबून वाचलं.

शिकार म्हणजे मारणं, ते तर आलंच.
पकडणं, हुसकावणं, आमिष लावणं,
अंडी फोडणं, घरटं विस्कटणं, हेसुद्धा.

सुरंगाबाईंनी ते दोनदा वाचायला लावलं.
मग म्हणाल्या, "माळावर पोकलेन फिरला गेल्या उन्हाळ्यात.
प्लॉट पाडले. चुन्याच्या रेघा.
टिटवीची अंडी होती तिथं, चार चार, खड्यांसारखी.
ही शिकार कुणाच्या नावावर?"

मी पान उलटलं.
मग परत मागे उलटलं.

सोबतच्या शासन निर्णयात निघालं :
लांडग्याने शेळी नेली तर भरपाई मिळते,
मुदतीत अर्ज केला तर.
त्यांनी बोटांवर मोजलं. सात.
"सात वेळा आम्ही गप बसलो," म्हणाल्या,
"आपणच काहीतरी केलंय असं वाटून."

अनुसूचीला आम्ही संध्याकाळी पोचलो.
इंग्रजी नाव, शेजारी लॅटिन, तिरक्या अक्षरांत.
मी भाच्याच्या मोबाइलवर फोटो दाखवायचो,
त्या नाव सांगायच्या. न अडखळता.
खोकड. तरस. मांडूळ. पखुर्डी. तणमोर :
"हा लहानपणी पाहिला. आता नुसता तुमच्या कागदात."
ज्यांच्या नावाने खटला,
त्यांच्या बारशाला हजर असल्यासारख्या बोलत होत्या.

एका पक्ष्यापाशी थांबल्या.
"याला नाव नाही. याला असं बोलावतात,"
आणि शीळ घातली.
फाटकावरचा हवालदार वळून बघायला लागला.
दोन वकील चहा घेता घेता थांबले.

मी कीबोर्डकडे पाहिलं.
काना, मात्रा, वेलांटी, रफार.
तिथे ठिपके दिले. एवढी एक जागा रिकामी सोडली.

एकतीस पानं. पानाला पंधरा.
ठिपक्यांच्या ओळीचे घेऊ नका, मी म्हणालो.
"घ्या," म्हणाल्या. "तेवढंच तर आमचं लिहिलंय."

दीर सुटला की नाही, ठाऊक नाही.
आमच्याकडे कागद जातो, त्याचं पुढे कळत नाही.

मात्र दिवाळीनंतर एक वनरक्षक आला,
मोटारसायकल सावलीला लावून,
हातात त्याच पानांची फिकट झेरॉक्स, झेरॉक्सची झेरॉक्स.
"स्वच्छ प्रत आहे का हो? आमच्या ऑफिसात इंग्रजीच आहे.
लोक विचारतात, आणि आम्ही पण
ऐकीव सांगतो."

प्रिंटर गरम व्हायला वेळ लागतो.
तो पान चाळत होता.
"हे इथं ठिपके का?"

मी सांगितलं का.

त्याने फोटो निरखला.
इकडेतिकडे पाहिलं.
गणवेशाचं वरचं बटण सैल केलं
आणि ओठांचा चंबू केला.